कुठं वाटतं ते सांग

सपकाळ गुरुजी माह्या दुकानात येऊन बसले का भांडणं बंद व्हायची. त्यांच्या धाकानं न्हाई. गुरुजींना धाक घालता येतच न्हव्हता. त्यांच्या वर्गात पोरं खिडकीतून जायची आन् दारातून यायची, असं त्यांचेच विद्यार्थी सांगतेत. भांडण बंद व्हायचं कारण गुरुजी मधीच हात वर करायचे. "थांब. आत्ता काय म्हणलास? परत म्हण." भांडणारा थांबायचा. आन् भांडण एकदा थांबलं का परत तेवढ्याच जोरात चालू करता येत न्हाई. करून बघा.

भोकरदनला बस स्टँडच्या मागल्या गल्लीत माहं दाढी-कटिंगचं दुकान हाय. दोन खुर्च्या. त्यातली एक फिरती व्हती, आता ती बी फिरत न्हाई, गिऱ्हाइकालाच मान फिरवावी लागती. मी तिसरीपर्यंत शिकलो. तिसरीत दोनदा बसलो, म्हणजे हिशेबानं चौथी झाली म्हणायची. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले, मराठीचे मास्तर. उंच, वाकलेले, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. दाढी आठवड्यातून दोनदा, पण बसायला रोज. बाकड्यावर दाराकडं पाठ करून बसायचे, उजेड डोळ्याला लागायचा म्हणून. खिशात जुन्या कॅलेंडरची पानं चौकोनी फाडून ठेवलेली आन् एक बारकी पेन्सिल.

त्या पानावर ते शब्द जमा करायचे. सगळेच न्हाई. माणूस आतून हलतो तवा तोंडातून निघतेत ते. राग, संताप, धास्ती, हुरहूर, गहिवर, असले. एका पानावर एक शब्द, त्याच्याखाली म्हणणाऱ्याचं नाव आन् गाव. माहं नाव लई पानांवर हाय. पहिले मला वाटलं आपण मोठे झालो. मंग एक दिवस पाह्यलं तं बहुतेक पानांवर 'वैताग' असं लिहिलेलं.

त्यांचा एकच सवाल असायचा. "कुठं वाटतं ते सांग." कोणी म्हणलं, गुरुजी, मला राग आला. ते म्हणायचे, बराबर, पण कुठं आला? बोट ठेवून दाखव. माणूस बुचकळ्यात पडायचा. मंग गुरुजी उठायचे आन् माह्या अंगावर बोट ठेवून शिकवायचे. माह्या हातात वस्तरा, खुर्चीतल्या माणसाच्या तोंडावरला फेस वाळून राह्यला, आन् गुरुजी माह्या पोटाला बोट लावून सांगून राह्यले, "कालवाकालव इथं. भाकरी कालवणात चुरतो, तसं आतलं सगळं एकात एक होतं. धडकी इथं, छातीत. गहिवर इथं, गळ्यापाशी." गळ्याला बोट लागलं का मला गुदगुल्या व्हायच्या. एकदा मी हसलो आन् एका पाव्हण्याची अर्धी मिशी गेली. बाकीची अर्धी मंग मी फुकट काढली.

एकदा बाजाराच्या दिवशी एक माणूस कंडक्टरशी भांडून आल्ता. बसल्या बसल्या म्हणला, माहं टाळकंच सणकलं. गुरुजींचा हात वर. "सणक कुठं भरते?" तो म्हणला, डोक्यात. "न्हाई. त्याच्या आधी. म्हातारपणी कुठं भरते?" तो म्हणला, कंबरात. "हां. म्हणजे दुखण्याचं नाव रागाला दिलं. ज्यानं पहिल्यांदा दिलं त्याला खरंच दुखलं असेल." लिहून घेतलं, नाव-गाव विचारलं. माणूस पैसे देताना हळूच मला म्हणला, ह्ये हाडाचे डाक्टर हायेत का?

माहं तं त्यांनी रोजच काढलं. मी दिवसातून पन्नासदा म्हणणार, वैतागलो बुवा. एक दिवस गुरुजी म्हणले, "बाळू, जुन्या काळी वैताग म्हणजे काय होतं, माहीत आहे? संसाराला विटून माणूस उठायचा आणि घरदार सोडून निघून जायचा. रानात, डोंगरात, कुठंही. त्याला वैताग म्हणायचे. तू सकाळी नऊला वैतागतोस आणि संध्याकाळी सातला डबा घेऊन घरी जातोस. तुझा वैताग फार शिस्तीचा आहे." मी म्हणलं, गुरुजी, रानात गेलो तं तिथं दाढ्या कोणाच्या करू. ते हसले न्हाईत. "तेच तर," म्हणले. "शब्द थकून घरी बसलाय. आपल्यासारखा."

मपल्या शकूचं बी एक पान हाय. शकू म्हणजे माही बायको. मी घरी गॅसची टाकी सांगायची इसरलो म्हणून ती थेट दुकानात आल्ती. गिऱ्हाइकं बसलेली, तरी तिनं चालू केलं, का मी घरात एकटी चरफडत बसते आन् हे इथं दात काढत बसतेत. गुरुजींचा हात वर झाला. "पोरी, थांब. चरफडत म्हणालीस ना?" मंग त्यांनी सांगितलं, का तापल्या तव्यावर थेंब पडल्यावर जो आवाज होतो, चर्र आन् फडफड, त्याच्यातून हा शब्द आला असावा, असं त्यांना वाटतं, खात्री न्हाई. शकू ऐकत राह्यली. मंग म्हणली, अगदी तसंच होतं, गुरुजी. थेंब पडतो आन् तो तवा जाळतो त्याला. त्या दिवसापासून माह्या घरात गुरुजींचं ऐकतेत, माहं न्हाई. टाकी मात्र मला त्याच दिवशी आणावी लागली.

'खात्री नाही' हे ते लई येळा म्हणायचे. इतक्या सहज 'मला ठाऊक नाही' म्हणणारा शिकलेला माणूस मी दुसरा पाह्यला न्हाई. मी न शिकता बी सगळं सांगतो. एकदा एका गिऱ्हाइकानं फोनवर आलेलं वाचून दाखवलं, का अमुक शब्द तमुक राजाच्या नावावरून पडला. सगळ्यांना आवडलं, मला तं लईच. गुरुजी म्हणले, "हे कोणीतरी बसून बनवलंय. गोड आहे, पण बनवलेलं आहे." मी म्हणलं, गोड हाय ना, मंग राहू द्या की. तं म्हणले, "बाळू, माणसाच्या दुःखाला खोटा बाप लावायचा नाही."

राग म्हणजे रंग, हे बी त्यांनीच सांगितलं. मूळ संस्कृतात राग म्हणजे रंग चढणं, लाल होणं. म्हणून अनुराग म्हणजे प्रेम. "प्रेमात माणूस लाल होतो आणि संतापातही लाल होतो. तिकडं त्यांनी हा शब्द प्रेमाला लावला, आपण मराठीत संतापाला ठेवला." मी म्हणलं, गुरुजी, लग्न झाल्यावर ठेवला असंल.

आन् एक नखाचं. म्हातारपणी त्यांना पायाच्या नखापर्यंत वाकता यायचं न्हाई, तं नखं मी काढायचो. गप्पा मारता मारता अंगठ्याचं नख मी खोल काढलं. रगत आलं. गुरुजींनी डोळे घट्ट मिटले, मी घाबरलो, तुरटी शोधून राह्यलो, आन् गुरुजी त्या कळेतच म्हणले, "जिव्हाळी. नखाखालच्या ह्या मांसाला जिव्हाळी म्हणतात. जिव्हाळा तिथलाच. जिथं लागलं की जीव कळवळतो, ती जागा." मी रगत काढलं आन् माणूस शिकवून राह्यला. अशा गिऱ्हाइकाकडून नखाचे पैसे कसे घ्यावे सांगा.

हे येड त्यांना पहिल्यापासून न्हव्हतं. त्यांची बायको, आम्ही बाई म्हणायचो, पाच वर्षांमागं गेली. सकाळी चहा ठेवला आन् तिथंच बसली, ती उठलीच न्हाई. गुरुजींनी संभाजीनगरला पोराला, सुनीलला, फोन लावला. सुनील विचारतोय, बाबा, काय झालं, आन् गुरुजी म्हणले, बरं वाटत नाही. तीनदा विचारलं, तीनदा तेच. मला त्यांनी हे एकदाच सांगितलं, तोंडावर गरम फडकं व्हतं तवा. "छत्तीस वर्षं मराठी शिकवली, बाळू. पोरांकडून एकेका शब्दाचे सात सात समानार्थी पाठ करून घेतले. आणि माझं माणूस समोर मरून पडलं तेव्हा माझ्याजवळ, सर्दी झाल्यावर म्हणतात, तेवढंच होतं." मी फडकं उचललं न्हाई. थंड झालं तरी न्हाई उचललं.

शेवटच्या वर्षी गुरुजी लई थकले. छातीचा त्रास व्हता. घर ते दुकान मधी दोनदा बसायचे. दुकानात आले तरी हात पहिल्यासारखा वर यायचा न्हाई. लोकं भांडून घ्यायची. मी बी थकलेलोच. आजकाल माणूस खुर्चीत बसतो, फोन काढतो, मान दिल्यासारखी देतो आन् उठून जातो. दिवसभर बोललो न्हाई तं मला जास्त थकायला होतं. मंग दुपारी दुकानात आम्ही दोघंच. पंखा फिरून राह्यला, गुरुजी डोळे मिटून बसलेले.

असंच एका दुपारी दाढी करता करता ते म्हणले, "तुझ्या भावाचं नाव निघालं की तुझा हात थांबतो. वस्तरा माझ्या गळ्यावर असतो, म्हणून मला कळतं."

माहा थोरला भाऊ, किसनदादा. पिंपळगाव रेणुकाईला असतो, आमच्या गावी. गुरुजींचं बी मूळ गाव तेच. अकरा वर्षं झाली, आम्ही बोलत न्हव्हतो. गुरुजींना एवढं माहीत व्हतं. कामून बोलत न्हाई, हे माहीत न्हव्हतं, आन् मी सांगणार बी न्हव्हतो.

मी म्हणलं, राग हाय, गुरुजी.

"तुझा?"

"माहा कशाचा. त्याचा. माह्यावर."

"तू विचारलंस त्याला?"

"राग हाय का म्हणून कोणी इचारतं का? बोलत न्हाई म्हणजे राग हाय."

गुरुजींनी डोळे उघडले. म्हणले, अकरा वर्षं टिकतो तो राग नसतो, राग एवढा टिकत नाही, ही अढी असेल. आंबे पिकायला घालतात त्याला बी अढी म्हणतात, गवतात घालून, वरून झाकून. मनातली अढी तीच का वेगळी, हे ठाऊक नाही. "पण अकरा वर्षं झाली, बाळू. झाकण काढून तरी बघ. आंबे राहिले नसतील."

मंग विचारलं, झालं काय होतं? मी गंमत करून टाळलं. दुसऱ्या दाढीला परत विचारलं, मी परत टाळलं. तिसऱ्या येळी ते म्हणले, "तू हसवायला लागलास की मला कळतं, इथं काहीतरी पुरलंय." मंग मी सांगितलं.

आमच्या बापानं मरायच्या आदी गाव आम्हा दोघा भावांत वाटून दिल्तं. न्हाव्याला शेत नसतं, घरं असतेत. मारुतीच्या वरची आळी दादाची, खालची माही. त्या घरातली लग्नं, त्या घरातली जावळं, आन् मरण झालं तं दहाव्याला डोकी, सगळं ज्याचं त्यानं करायचं. बाप म्हणायचा, एक येळ भावाच्या ताटातली भाकर उचला, पण भावाचं घर उचलू नका.

अकरा वर्षांमागं वरच्या आळीतल्या एका म्हाताऱ्या बाईचा दहावा व्हता. दादा साळीच्या लग्नाला जाफराबादकडं गेल्ता. पहाटेच्या गाडीनं येतो असा निरोप व्हता. सूर्य वर आला, नदीच्या काठावर लोकं खोळंबली, भटजी घाई करून राह्यले, दादाचा पत्ता न्हाई. मंग कोणीतरी मला बोलावलं. मी जायला पाहिजे न्हव्हतं असं न्हाई, अडचणीला कोणी बी जातं. पण मी गेलो तो छाती काढून गेलो. वरची आळी बघू द्या माहा हात, असं. पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळी डोकी मी झपाझप काढली.

शेवटचं डोकं पुसत व्हतो तवा दादा आला. रस्त्यापासून पळत आल्ता, धोकटी छातीशी धरलेली, घामानं चिंब. धोकटी म्हणजे आमची हत्याराची पिशवी. तो येऊन उभा राह्यला, समोर सगळी टकली ओळीनं बसलेली. त्याला काय बोलावं सुचंना. आन् मला सुचलं. मला कवा सुचत न्हाई? मी म्हणलं, "दादा, एक बी शिल्लक न्हाई बघ. आता तुझंच डोकं दे."

सगळी लोकं हसली. दहा दिवस रडून थकलेली लोकं, हसायला कारणच शोधून राह्यली व्हती. दादा तसाच मागं फिरला. तवापासून बोलला न्हाई. एका गावात दोघांनी मान फिरवून किती दिवस चालायचं, म्हणून मी भोकरदनला दुकान टाकलं. लोकांना सांगितलं, धंदा वाढवायला आलो.

एवढं सांगून मी गुरुजींच्या तोंडाला पाणी लावलं. ती म्हातारी बाई कोण व्हती, हे मी बोललो न्हव्हतो. बोलायची गरज बी न्हव्हती. ती गुरुजींची आई व्हती.

गुरुजींनी माहा हात बाजूला केला. मंग म्हणले, "मीही हसलो होतो." आरशात बघून बोलून राह्यले, माह्याशी न्हाई. "आईचा दहावा, माझं डोकं अजून ओलं, आणि मी मोठ्यानं हसलो. सगळ्यांत मोठ्यानं. अकरा वर्षं कोणाला सांगितलं नाही. मला वाटायचं, मी आईचा गुन्हेगार आहे. त्या उशिरा आलेल्या माणसाचं तोंड मला आठवतसुद्धा नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी टोपी-बिपी घालून दुकानासमोर उभे. म्हणले, शटर ओढ, पिंपळगावला जायचंय. मी म्हणलं, तुम्हाला डाक्टरनं गाडीत बसायला मना केलंय. ते म्हणले, "मना केलंय ते माझ्या छातीला. मी जाणार आहे." मी गंमत करायला तोंड उघडलं आन् मिटलं.

गाडीत ते खिडकीपाशी बसले. मी वाटभर मनात बोलणं जुळवून राह्यलो. दादा, चुकलं. दादा, मी येडा. दादा, बापाची शपथ. प्रत्येकाच्या शेवटाला मला एक गंमतच सुचत व्हती. मला स्वतःचा इतका वीट आला, का मी गुरुजींना म्हणलं, मी खाली उतरतो, तुम्ही जाऊन या. गुरुजी म्हणले, "कुठं वाटतंय?" मी पोटावर बोट ठेवलं. "मग बस," म्हणले. "पोटातलं असेल तर पोचेपर्यंत राहतं."

दादाचं दुकान स्टँडपाशीच, पत्र्याचं. दादा म्हातारा झाल्ता. अकरा वर्षांत मी त्याला लांबून पाह्यलं व्हतं, लांबून माणूस म्हातारा दिसत न्हाई. गुरुजी आत गेले, काही न बोलता खुर्चीत बसले. मी भाईर, पत्र्याला टेकून. आरशात मी दादाला दिसत व्हतो. त्याला मी दिसून राह्यलो, हे मला दिसत व्हतं. तो म्हणला, गुरुजी, दाढी तं कालचीच दिसून राह्यली. गुरुजी म्हणले, तरी कर.

फेस लावून झाला. दादानं वस्तरा घेतला. तवा गुरुजी म्हणले, "किसन, माझ्या आईच्या दहाव्याला तू पळत आलास आणि आम्ही हसलो. मीही हसलो. ते सांगायला आलोय."

दादाचा हात थांबला न्हाई. तो माह्यासारखा न्हाई, त्याचा हात कवाच थांबत न्हाई. एक गाल पुरा केला. मंग गुरुजींनी विचारलं, "तुला तेव्हा काय वाटलं रे? राग आला?"

दादा म्हणला, "राग कशाचा, गुरुजी. लाज वाटली."

दुसरा गाल चालू केला आन् तो खाली बघून बोलत राह्यला. गाडी हुकली न्हव्हती त्याची. लग्नात रात्री पोटभर जेवला आन् झोपला, जाग आली न्हाई. पहाटेची गाडी गेली तवा तो घोरत व्हता. आमचा बाप म्हणायचा, जलमाला उशीर झाला तं चालतो, मरणाला न्हाई. "तुमची माय गेलेली, तुमची माणसं नदीवर उपाशी बसलेली, आन् मी लग्नाचं जेवून झोपलो. बाळू व्हता म्हणून तुमचं पार पडलं. तो तसं बोलला ते बी बराबरच बोलला. माहं डोकंच काढायला पाहिजे व्हतं त्या दिवशी. मंग मी त्याच्यापुढं कोणत्या तोंडानं जाऊ? लई येळा वाटलं, जावं. मंग वाटलं, तो हसंल."

तो हसंल. अकरा वर्षं मी ह्या माणसाच्या रागाला भेलो. आन् तो माह्या हसण्याला भेऊन बसला व्हता.

मी दारात आलो. जुळवून आणलेलं एक बी आठवंना. मी म्हणलं, "दादा, मी तसं बोलायला न्हव्हतं पाहिजे." दादानं गुरुजींच्या मानेवरलं फडकं काढलं, झटकलं, घडी केली. म्हणला, "चहा सांग. गुरुजींना बिनसाखरेचा लागतो का इचार." आम्ही तिघांनी चहा पेला. त्याच्या आन् माह्या मधी एवढंच झालं. त्या दिवसापासून आमचं बोलणं चालू झालं असं म्हणता येत न्हाई. बंद न्हाई राह्यलं, एवढं खरं. महिन्यातून एखादा फोन. पाऊस हाय का तिकडं. हाय. बरं.

परतीच्या गाडीत गुरुजी लई दमले व्हते. मला वाटलं झोपले. मधीच म्हणले, "लाज माझ्याकडं नाही." मी म्हणलं, काय न्हाई? "माझ्या पानांत. एवढे शब्द जमा केले, लाज कधी लिहिलीच नाही. लज्जा, त्याची लाज, दोन अक्षरी. मला वाटलं, ती लहान आहे. नव्या सुनेची, पोरीबाळींची. मी मोठाले शब्द शोधत होतो." श्वास घेऊन म्हणले, "राग बाहेर पडतो, म्हणून आपल्याला ऐकू येतो. लाज आतून कडी लावून बसते. तिथं जाऊनच विचारावं लागतं. आणि मी तुला दुकानात बसून अढीबिढी सांगत होतो." मी म्हणलं, गुरुजी, तुम्ही बराबरच सांगितलं, झाकण तं निघालं. ते म्हणले, "नाही. मी चुकलो. चुकलो तर चुकलो म्हण, मला गोड बोलू नको." मंग खरंच झोपले. त्यांचं डोकं माह्या खांद्यावर आलं, आन् भोकरदन येईपर्यंत मी खांदा हलवला न्हाई.

त्याच वर्षी थंडीत गुरुजी गेले. सकाळी, त्यांच्या घरी, पाणी गरम करायला ठेवून. सुनीलचा मला फोन आला. त्याचा आवाज येईना.  मंग मला बाई गेल्या तवाचा गुरुजींचा फोन आठवला आन् मी त्याला म्हणलं, सुनीलदादा, काही सांगू नका, मला कळलं. मी येतो.

दहावा पिंपळगावला नदीवर केला. घर वरच्या आळीचं, म्हणजे दादाचं. मी हत्यारं घेतली न्हाईत, रिकाम्या हातानं गेलो. पहाटेच पोचलो, तं काठावर दुसरा माणूस न्हव्हता आन् दादा एका दगडावर येऊन बसलेला, अंगावर घोंगडी घेऊन. कवा आलास म्हणून इचारलं न्हाई. लोकं आली, भटजी आले, दादानं सुनीलला पुढं बसवलं. मी पाण्याचा तांब्या घेतला आन् प्रत्येक डोक्यावर पाणी घालत राह्यलो. पाणी थंडगार, लोकं शहारायची. तोंडाशी तीनदा गंमत आली. तिन्ही मी गिळल्या. सुनील उठला तवा दादाच्या पाया पडला. मंग माह्या बी पडायला लागला, तं मी तांब्या आडवा धरला.

सगळे आंघोळीला पाण्यात उतरले. दादानं वस्तरा धुतला, पुसला, धोकटीत ठेवला आन् सकाळच्या दगडावर जाऊन बसला. माह्याकडं न बघता म्हणला, "सकाळपासून तू एक शब्द काढला न्हाई."

मी म्हणलं, "काय बोलू?"

"काही बी बोल. तू गप राह्यलास का मला कसंतरी होतं."

मी लई शोधलं. आयुष्यभर नको तिथं सुचलं आन् आता मागितलं तं काहीच सुचंना. गुरुजींचं काही सांगावं म्हणलं, तं बोट आपसूक गळ्यापाशी गेलं. बापाचं सांगावं म्हणलं, ते त्याला बी माहीत. शेवटी जे खरं व्हतं तेवढंच निघालं.

"पाय दुखून राह्यले, दादा."

"माहे बी," दादा म्हणला, आन् त्या दगडावर थोडा सरकून बसला.